बाराशे चौदाचं लग्न

"हैबती," मी मोठ्यानं वाचलं आणि मान वर केली, तर देवळात एकही बाई उरली नव्हती.

एवढा वेळ पंधरा-वीस जणी पायरीवर बसून माझी टोपी, माझी दुर्बीण आणि माझे हडकुळे पाय यांच्यावर आपापसात शेरे मारत होत्या. त्या सगळ्या पदर डोक्यावरून ओढून, एकमेकींना ढकलत, खिदळत पळाल्या. पुरुष मात्र उठून उभे राहिले. रावजी पुजारी, सत्तरीचा म्हातारा, देवीपुढे नारळ फोडत होता. त्यानं हातातला नारळ तसाच खाली ठेवला, धोतर झटकलं आणि देवळाची घंटा बडवायला सुरुवात केली. थांबायचं नाव नाही.

"भिकू, काय झालं रे?" मी माझ्या खलाशाला विचारलं. भिकू खलाशी बावीस वर्षं मोजणीच्या टेबल-साखळ्या वाहून डोंगराडोंगरांत हिंडलेला माणूस.

"काय की," भिकू म्हणाला. "पर सायेब, आपुन चपला पायात घालून ऱ्हावं."

साल एकाहत्तर, महिना मे. मी सव्वीस वर्षांचा, श्रीपाद कोरान्ने, नकाशे काढणाऱ्या सरकारी खात्यात नुकताच चिकटलेला. आमच्या नकाशावर ओढा असो, खिंड असो की शिखर असो, त्याचं नाव मनानं लिहायची सोय नव्हती. एक छापील कागद असायचा, त्याला नामावली म्हणत. जागेला लागून असलेल्या प्रत्येक गावातल्या तिघांनी 'हेच नाव खरं' म्हणून त्यावर अंगठे द्यायचे, मग ते नाव नकाशावर चढायचं. माझ्या वाट्याच्या नकाशात एकशे सहा नावं होती. एकशे पाच झाली होती. राहिलं होतं ते एक काळं टोकदार शिखर, उंची बाराशे चौदा मीटर. त्याच्या पूर्वेला पानसरी गाव, पश्चिमेला धावरी गाव आणि मध्ये खिंड. त्या खिंडीत आमचा तंबू.

एवढ्या एका नावासाठी मी जीव का टाकत होतो, ते सांगतो. वीस मे रोजी सकाळी अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी मिरजेला माझं लग्न होतं. आणि आमच्या कॅम्पच्या साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं, "नामावली पुरी झाली की रजा सुरू. त्याआधी नाही." मुलीचं नाव कुमुद. मला ती इतकी आवडली होती की पहिल्या भेटीत मी चहात बशी बुडवायची बाकी ठेवली होती. मुलीचे वडील गंगाधरपंत मुजुमदार, पस्तीस वर्षं स्टेशनमास्तरकी करून निवृत्त झालेले. फेब्रुवारीत ठरलेलं लग्न माझ्याच कामापायी एकदा पुढे गेलं होतं. त्यावर त्यांचं लाल शाईतलं पत्र आलं होतं: 'दुसऱ्यांदा विलंब झाल्यास मुलीचा अन्यत्र विचार करण्यात येईल, याची नोंद घ्यावी.' मी नोंद घेतली होती. रात्री दचकून उठण्याइतकी घेतली होती.

तर, पानसरीत मी आधी दोनदा नाव विचारून आलो होतो. बायका हसायच्या. पुरुष डोंगराकडे बघून नमस्कार करायचे आणि म्हणायचे, "आमी त्यांचं नाव घेत न्हाई. धावरीला इचारा." म्हणून मी खिंड ओलांडून धावरीला गेलो. तिथं सोनाबाई नावाच्या एका म्हातारीनं मला घोंगडीवर बसवलं, गुळाचा चहा दिला आणि एका दमात सांगितलं, "हैबती. ल्ह्या." तिघांचे अंगठेही तिनंच मिळवून दिले. जाताना मला म्हणाली, "पानसरीत देवळाम्होरं हुबं ऱ्हाऊन मोट्यानं वाचा बरं का, सायेब. म्हाताऱ्यास्नी कमी ऐकू येतं."

केवढी समजूतदार बाई, असं मला वाटलं होतं.

घंटा एकदाची थांबली. रावजीनं माझ्याजवळ येऊन माझ्या कपाळाला भंडारा फासला, तोही दोन्ही डोळ्यांत जाईल अशा बेतानं.

"नाव आणलंसा," तो म्हणाला. "अकरा वर्सांनी आणलं कुणीतरी. बसा, नावकरी, बसा."

"मी मोजणीदार आहे हो."

"आता नावकरी झालासा."

मग त्यानं जे सांगितलं ते ऐकता ऐकता माझ्या तोंडचं पाणी पळालं. पानसरीची देवी पानजाई ही त्या डोंगराची बायको. म्हणजे डोंगर हा पानसरीचा जावई. जावयाचं नाव सासरची माणसं तोंडानं घेत नाहीत, म्हणून ते बायकांचं हसणं. धावरी म्हणजे वरपक्ष. दर वैशाखात या दोघांचं लग्न लागायचं. आपल्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून नवरीचं नवं नाव लिहितात ना, तशीच रीत इथंही होती. फक्त नवरी पडली देवी. तिचं नाव बदलायची कुणाची छाती? म्हणून इथं नवऱ्याचं नाव बदलायचं. दरवर्षी लग्न, दरवर्षी डोंगराला नवं नाव.

"दरवर्षी?" मी किंचाळलो. "मग कायमचं नाव काय?"

"कायमचं कसं आसंल?" रावजीलाच नवल वाटलं. "वरीस झालं की नाव शिळं हुतं. हे तुमी आणलंसा ते अकरा वर्सांचं शिळं. त्येला आमी आंगठा कसा द्यावा? लगीन लागू द्या, ताजं नाव पडू द्या, मग पायाचं बी आंगठं देतो."

आणि लग्नाला सुरुवात कशी व्हायची, तर धावरीचा एक माणूस जुनं नाव घेऊन यायचा आणि पानजाईच्या पायरीवर ते मोठ्यानं सांगायचा. त्याला नावकरी म्हणायचे. नाव एकदा पायरीवर पडलं की दोन्ही गावांना लग्न करणं भाग. आणि नवं नाव ताटात लिहायचं तेही त्या नावकऱ्यानंच.

"मग अकरा वर्षं कोणी का आलं नाही?"

सगळे एकदम जमिनीकडे बघू लागले. शेवटी रावजी म्हणाला, "पापड."

"काय?"

"अकरा वर्सांमागं व्याह्यांच्या पंगतीत धावरीच्या पाटलाला मोडका पापड वाढला, आसं त्ये म्हंत्यात. पापड सगळा हुता, सायेब. मी सोता वाढलाय. त्येचीच मिशी लागून मोडला."

त्या मोडक्या पापडापायी अकरा वर्षं दोन गावांचं बोलणं बंद, येणंजाणं बंद, सोयरीक बंद. इकडची सून तिकडे माहेरी गेली नव्हती.

मी कपाळावर हात मारला, भंडाऱ्यावरच. "बरं, करा लग्न. उद्याच करा."

रावजीनं पंचांग आणलं. ते आमच्या मिरजेच्या भटजींकडे असतं तेच, त्याच मुखपृष्ठाचं. तो बोट फिरवत गेला आणि एका जागी थांबला.

"ईस तारीक. सकाळचं आकरा बेचाळीस."

"दुसरा बघा!"

"दुसरा न्हाई. ह्यो मोसमातला शेवटचा."

"अहो, पण त्या वेळी माझं लग्न आहे!"

"व्हय की," रावजी प्रेमानं म्हणाला. "आपलंच हाय म्हणायचं."

संध्याकाळी तंबूत परत आलो तर भिकू शांतपणे भाकरी थापत होता. मी त्याच्यापुढे डोकं धरून बसलो. नाव नाही तर रजा नाही. नाव हवं तर वीस तारखेला इथं थांबायला हवं. वीस तारखेला इथं थांबलो तर कुमुदचा 'अन्यत्र विचार'. कुठूनही मोजा, बेरीज तीच.

"सायेब," भिकू म्हणाला, "येवढं काय मनाला लावून घेताय? कायतरी ल्ह्या की. काळकडा ल्ह्या, न्हाईतर भैरोबाचा सुळका ल्ह्या. मुंबैपुण्याच्या लोकास्नी काय कळतंय?"

"आणि अंगठे?"

भिकूनं आपले दोन्ही हात पुढं केले आणि बोटं पसरली. "धा हायती. लागलंच तर खाली आनकी धा हायती. बावीस वर्सांत सायबांची लई लग्नं वाचीवलीत मी ह्येच्यावर."

मी त्याला रागावलो. खातं, जबाबदारी, प्रामाणिकपणा, सगळं त्याला ऐकवलं. त्यानं ऐकून घेतलं आणि भाकरी उलटली. सोळा तारीख गेली, सतरा गेली. अठराला सकाळी निघालो तरच एस.टी. पकडून, साहेबांना कागद दाखवून, एकोणीसला मिरज गाठता येत होती. अठराला पहाटे मी स्वतःच शाईचा पॅड काढून भिकूपुढे ठेवला. नव्या कोऱ्या कागदावर 'काळकडा' लिहिलं. माझ्या अक्षराला त्या दिवशी भलतंच वळण आलं होतं.

भिकूनं डाव्या हाताची करंगळी शाईत बुडवली. "धावरीचा पयला," तो म्हणाला आणि दाबली. मग दुसरं बोट बुडवलं. तेवढ्यात तंबूबाहेर कुणीतरी खाकरलं.

सोनाबाई होती. धावरीहून चढून आलेली, काखेत एक बोचकं, चेहरा घामानं डबडबलेला. आम्ही दोघांनी कागद एकाच वेळी ओढला, तो फाटला.

"बसा, आजी," मी म्हणालो. माझा पारा चढलाच होता. "तुम्हाला माहीत होतं ना? तिथं वाचलं की काय होतं ते?"

"म्हंजी?" ती म्हणाली. "म्हाईत नसतं तर चा पाजला आसता व्हय? अकरा वर्सं वाट बघत हुते, कुणीतरी भायेरचा येडा कागुद घिऊन ईल म्हणून."

मी हात टेकले.

ती खिंडीच्या कडेला जाऊन बसली आणि खाली बोट दाखवलं. पानसरीची दहा-बारा घरं दिसत होती. "त्यो नवा पत्रा हाय न्हवं, त्यो माज्या लेकीचा. हिराचा. लगीन झालं आन दुसऱ्या वर्साला ह्यो पापड. मी हितं येऊन बसते. धुणं वाळत घालताना दिसती. मान वर करती, पर हाका मारायची चोरी." तिनं बोचकं सोडलं. आत खणाचे तुकडे होते, घडी न मोडलेले. "दर वैशाखाला येक घेतला. आता अकरा झालं. तिला तीन पोरं हायती. दोगांची नावं कळली कुणाकुणाकडनं. तिसऱ्याचं नाव मला आजून म्हाईत न्हाई."

भिकू हात धुवायला उठला.

"धावरीत समद्यांनी कापडं धुवून ठेवलीत," सोनाबाई म्हणाली. "पाटील वर वर फुगून बसलाय, पर मिशीला काल त्याल लावलंय त्येनं. तुमी ऱ्हानार न्हवं परवा? नावकरी नसला तर नाव माघारी फिरतंय. मग काय मी पुन्यांदा लगीन बघत न्हाई."

खरं सांगतो, त्या क्षणी मला कुमुदचा चेहरा आठवत होता, लाल शाई आठवत होती, आणि त्या म्हातारीचा मनापासून राग येत होता. इतका राग येत होता की डोळ्यांत पाणी आलं. मी 'हो' म्हणालो.

भिकूला मी तारेचा मजकूर लिहून तालुक्याला पिटाळलं. शब्द निवडायला अर्धा तास घेतला. गंगाधरपंतांना समजेल अशाच भाषेत लिहिलं: 'नवरदेव दोन दिवस लेट. पुढे लाइन क्लिअर नाही. क्षमस्व.' भिकू परत आला तेव्हा म्हणाला की तारमास्तरांनी मजकूर तीनदा वाचला आणि तुमचे साहेब औषध वगैरे घेतात का, म्हणून विचारलं.

वीस तारखेला धावरीची वरात खिंडीतून उतरली. ताशे, शिंग, बायका, पोरं, म्हातारे, सगळे. नवरदेव स्वतः जागचा हलू शकत नसल्यामुळे त्याच्या माथ्यावरचा एक दगड फेटा बांधून पालखीत घातला होता. दगडाच्या बाजूला नावकरी म्हणून मी. मलाही फेटा बांधला होता आणि मुंडावळ्या लावल्या होत्या. माझ्या लग्नाच्या दिवशी, माझ्या लग्नाच्या वेळी, मुंडावळ्या बांधून मी एका दगडाच्या शेजारून चाललो होतो.

गावाच्या वेशीवर हिरा उभी होती. सोनाबाई वरातीतून सुटली ती सरळ तिच्या गळ्यात. दोघी रडत होत्या, काही बोलत नव्हत्या, आणि ताशेवाले बिचारे वाजवावं की थांबावं या विचारात हातातल्या काड्या धरून उभे. मग सोनाबाईनं खाली वाकून सगळ्यांत धाकट्या नातवाला धरलं. "तुजं नाव काय रं, माज्या राजा?" तो पाच वर्षांचा गडी. त्यानं हिसका दिला आणि शर्टानं नाक पुसत पळून गेला. "पळालं!" सोनाबाई म्हणाली आणि इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

पण लग्न लागायच्या आधी पापडाचा निकाल लागायचा होता. ती अटच होती. धावरीचा पाटील पाटावर बसला, मिशा दोन्ही बाजूंनी वर, डोळे मिटलेले. समोर केळीचं पान. रावजी चुलवणापासून निघाला. दोन्ही तळहातांवर एक भलामोठा उडदाचा पापड, सबंध, कुठंही तडा नाही. मधलं अंगण वीस पावलांचं असेल. दोन गावं श्वास रोखून बघत होती. निम्म्यात आल्यावर वाऱ्याची झुळूक आली आणि पापड थरथरला. 'आई गं,' असं मागून कुणीतरी म्हणालं. रावजी जागच्या जागी उभा राहिला. झुळूक गेल्यावर पुन्हा चालू लागला. तो वाकला, त्यानं पापड पानावर ठेवला. सबंध.

पाटलानं डोळे उघडले. पापडाकडे चांगलं निरखून बघितलं. "हं," तो म्हणाला. मग बुक्की मारून त्यानं तो स्वतःच मोडला, आणि अंगणात असा आरडाओरडा झाला की पालखीतला दगड पडता पडता वाचला.

पुढचं सगळं घाईत झालं. अंतरपाट, अक्षता, मंगलाष्टकं. आणि मग माझ्यापुढे ताट आलं. ताटात तांदूळ पसरलेले, माझ्या हातात सोन्याची अंगठी दिलेली. सगळे माझ्याकडे बघत होते.

"काय लिहू?" मी रावजीला विचारलं.

"तुमच्या मनात आसंल त्ये. नावकऱ्याच्या मनातलंच लागतं."

मी घड्याळात बघितलं. अकरा बेचाळीस. या क्षणी मिरजेच्या मांडवात एक उंच, काळा, कपाळाला कायमची आठी असलेला माणूस हातात घड्याळ धरून दाराकडे बघत उभा असणार. माझ्या मनात दुसरं काहीच नव्हतं, कुणीच नव्हतं. अंगठीनं तांदळात मी लिहिलं: गंगाधर.

शाळेत गेलेल्या एकानं ते मोठ्यानं वाचलं. मग पाटील म्हणाला, "वा! त्येच्या डोईवर झरा हायच. बराब्बर नाव." पानसरीच्या बायकांनी लगेच पदर डोक्यावर घेतले, कारण आता हेही नाव घ्यायची त्यांना चोरी. सहाच्या सहा अंगठे जागच्या जागी मिळाले. भिकू माझ्या कानाशी म्हणाला, "सायेब, खऱ्या आंगठ्याचा कागुद पयल्यांदाच बघतोय."

दुसऱ्या दिवशी कॅम्पवर साहेबांनी नामावली बघितली. "गंगाधर. भारदस्त आहे," म्हणाले आणि रजेवर सही केली. मी नकाशा नळीत घालून एस.टी.त बसलो. निम्म्या रस्त्यात कंडक्टरनं तिकीट फाडलं तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला की मी नेमकं कुणाचं नाव डोंगराला देऊन बसलो आहे. कंडक्टरनं विचारलं, "बरं वाटत नाही का?"

बावीस तारखेला दुपारी मिरजेला पोचलो. मांडव अजून उभा होता, पण त्यातली आंब्याची पानं वाळली होती. माझी आई आणि दादा ओसरीवर कडेला अंग चोरून बसले होते. आई माझ्याकडे बघायलाही तयार नव्हती. दारात कुमुद उभी होती, हळदीचे हात तसेच.

"आलात," ती म्हणाली.

"तुमचं... म्हणजे, अन्यत्र...?"

"विचार झाला. आमच्या आत्याबाईंनी सांगलीचा मुलगा शोधून आणला होता. परवा दुपारपासून बसला होता, आज सकाळी गेला. मी अण्णांना म्हटलं, लेट गाडी म्हणजे रद्द झालेली गाडी नव्हे." मग हळूच पुढे म्हणाली, "ते आत आहेत. जपून."

गंगाधरपंत आरामखुर्चीत ताठ बसले होते. समोर माझी तार, घड्याळाखाली दाबून ठेवलेली.

"अठ्ठेचाळीस तास सव्वीस मिनिटं," ते म्हणाले. "पस्तीस वर्षांत माझ्या स्टेशनवर एवढी लेट एकच गाडी आली. तिचा पूल वाहून गेला होता. तुमचं काय वाहून गेलं?"

मी सांगायला सुरुवात केली. देवी, जावई, पापड, सोनाबाई. माझ्या तोंडून ऐकताना ते मलाच खोटं वाटायला लागलं. त्यांच्या कपाळावरची आठी खोल होत गेली. शेवटी मी नळीतून नकाशा काढला आणि त्यांच्यापुढे उलगडला. पेन्सिलीच्या रेषा, मध्ये तो त्रिकोण, शेजारी बारीक अक्षरात नाव.

ते चष्मा लावून वाकले.

"हे कोणी लिहिलं?"

"मी."

"का?"

"मनात असेल तेच लिहायचं होतं, अण्णा. आणि माझ्या मनात त्या वेळी तुमच्याशिवाय कोणी नव्हतं." मग मी खरं ते सांगून टाकलं, "भीतीनं."

मागे कुमुद फिसकन हसली. गंगाधरपंत हसले नाहीत.

"उंची किती?"

"बाराशे चौदा मीटर."

"माझं शेवटचं स्टेशन सहाशे बेचाळीस होतं," ते म्हणाले. "म्हणजे जवळजवळ दुप्पट." त्यांनी चष्मा काढला. "पस्तीस वर्षं पिवळ्या पाटीखाली उभा राहिलो, श्रीपादराव. पाटीवर गावाचं नाव, गावाची उंची. सतरा गावं झाली. लोकांना पाटी दिसायची, खाली उभा असलेला माणूस कुणाला दिसत नव्हता." आणि त्या करड्या माणसानं धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

तेवढ्यावर मी गप्प बसलो असतो तर सगळं गोड झालं असतं. कुमुद डोळ्यांनी खुणावतही होती. पण त्यांना डोळे पुसताना बघितलं आणि माझ्यानं राहवेना. हा माणूस आता हे नाव उराशी धरून जगणार, आणि ते खोटं आहे हे एकट्या मला ठाऊक असणार.

"अण्णा, एक सांगायचं राहिलं. हे नाव एका वर्षापुरतंच आहे. पुढच्या वैशाखात ते दुसरं ठेवणार."

ओसरीवरून आईचा सुस्कारा ऐकू आला.

गंगाधरपंतांनी सावकाश विचारलं, "हा नकाशा छापून कधी येणार?"

"चार वर्षं तरी लागतील."

"आणि नाव राहणार एक वर्ष."

"हो."

"म्हणजे छापून येईल तेव्हा ते चुकीचं असणार."

"हो."

ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग त्यांनी हात पुढे केला. "कुमुद, खोडरबर आण."

"अण्णा, राहू दे ना," कुमुद म्हणाली.

"आण. जुनं टाइमटेबल भिंतीवर ठेवलं म्हणून मी एका पोराला मेमो दिला होता. लोक वाचून फलाटावर येऊन बसतात." त्यांनी रबर माझ्या हातात ठेवला. "खोडा. उंची राहू द्या. उंची खरी आहे ना?"

"खरी आहे. तीनदा मोजली आहे."

मी खोडलं. कागदावरचा भुसा त्यांनी स्वतः फुंकर मारून उडवला. मग उठले, कोटाची बटणं लावली आणि दारात जाऊन ओरडले, "भटजी! काढीव मुहूर्त काढा. गाडी आली आहे."

संध्याकाळी आमचं लग्न लागलं. रजेवरून परतल्यावर नामावलीत मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'नाव दरवर्षी बदलते.' त्यावर खात्यानं माझ्याकडून तीन वेळा खुलासा मागवला. आजही त्या नकाशावर तिथं एक त्रिकोण आहे आणि १२१४, बाकी काही नाही.

पुढच्या वैशाखात गंगाधरपंत कुणाला न सांगता निघाले. भर उन्हाळ्यात काळा कोट, वरपर्यंत बटणं. चौथ्या दिवशी परत आले ते पायाला फोड घेऊनच. कुमुद पाणी घेऊन धावली. मी विचारलं, "अण्णा, कुठं होता तुम्ही?"

"चार्ज द्यायला गेलो होतो," ते म्हणाले. खुर्चीत बसले, बूट काढले, पाणी प्यायले. "लग्न व्यवस्थित पार पडलं. अकरा वाजता म्हणाले होते, अकराला लागलं. यंदा यशवंत."

"आणि?"

"समोर उभा राहून चांगला अर्धा तास बघितला," गंगाधरपंत म्हणाले. "नवा आहे, पण सांभाळेल."